तागाला लावायचं तेल

डंडीत जहाजं दोन दिशांनी येत.
एक गंगेच्या मुखाकडून, पोटात ताग,
वाळका, पिवळट, हात कापणारा.
दुसरं बर्फाकडून, पिंपांत देवमाशाचं तेल.
मध्ये टे नदीची खाडी आणि धुराडीच धुराडी.
तेलावाचून ताग वळत नाही,
हे इथल्या पोरींना मुळाक्षरांआधी कळायचं.

एफी गौरलेचा बाप बर्फाकडच्या जहाजावर.
एफी गिरणीत, दहाव्या वर्षापासून,
अर्धा दिवस शाळा, अर्धा दिवस चात्या.
बापाचं तेल तिच्या बोटांतून जायचं.
हे ती कुणाला बोलली नाही.
बोलून ऐकू कुणाला येणार?
त्या खडखडाटात बायका ओठांनी बोलत,
बोटांनी शिव्या देत,
मुकादम आला की नुसती भुवई.

घरी पुरुष. गिरणीला बाया स्वस्त पडत,
म्हणून मिसरूड फुटलं की पोरग्यांना काढून टाकत.
ते मग तान्ही सांभाळत, चहाचं आधण ठेवत.
गावानं त्यांचं नावच पाडलं, किटलीवाले.
हसू नका. आधण ठेवणं हेही कामच.

त्या साली ऑक्टोबर सरला,
जहाज आलं नाही.
धक्क्यावर कुणी काही म्हणेना.
नोव्हेंबरातल्या एका सोमवारी
एफीनं तागाची पेंडी उचलली
आणि थांबली.

वास वेगळा.
केसांत बसणारा, प्रार्थनेला शेजारच्यांना
सरकून बसायला लावणारा
तो वास नव्हता.
खनिज तेल होतं. स्वस्त, परकं.
शेजारणीनं ओठांनी विचारलं, काय गं?
एफीचे ओठ हलले नाहीत.
पत्र तीन आठवड्यांनी आलं.

पुढं त्या गोणपाटातून काय काय गेलं,
ब्राझीलची कॉफी, कुणाकुणाचा गहू,
खंदकापुढं रचायची वाळू.
मग हुगळीकाठच्या गिरण्या वाढल्या,
ताग घरच्या घरी विणला जाऊ लागला.
त्यांचं बरोबरच होतं.
इथली धुराडी एकेक करून पाडली.

एफी आता ठार बहिरी.
डूगल आधण ठेवतो, किटली शिट्टी घालते,
ती त्याच्याकडे पाठ करून बसलेली.
दुकानातून बटाट्याचं पोतं आलं
की आधी पोत्याला नाक लावते,
मग बटाटे बघते.
कुजलेत का, डूगल विचारतो.
ती वळून त्याच्या ओठांकडे बघते.
नाही, म्हणते,
मोठ्यानं, गिरणीत बोलावं तसं.