बाहेर उजेडात बघा

मिरजेच्या दवाखान्यात उजव्या डोळ्याची पट्टी सोडली
त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी,
गावभागातल्या आमच्या परसात,
भिंतीवरच्या पुराच्या रेघेच्या वीतभर वर
तो येऊन बसला.
रोजचाच. मुठीएवढा. काळा.
काळा म्हणजे, मी आपला चार वर्षं काळा समजत होतो.

काळा नव्हे तो.
काळ्यात नीळ कालवून
घडी उन्हात धरल्यावर दिसतो तो.
दुकानात आम्ही त्याला चंद्रकळा म्हणायचो
आणि घाईच्या गिऱ्हाइकाला काळ्यात खपवायचो.

मग त्यानं शेपटी उचलली.
उचलली म्हणजे किती, पार पाठीवर टेकेल इतकी.
आणि खाली,
दारामागं अडकवलेल्या कपड्यासारखा,
एक तांबूस.

एकतीस वर्षं कापड पेठेत मॅचिंग सेंटरला काढली मी.
पदराचं टोक गल्ल्यापर्यंत यायच्या आत
हात खोक्याला लागलेला असायचा.
आमसुली, रामा, चिंतामणी, अबोली, वांगी,
शेवाळीचेच सात खोके.
हा तांबूस त्यात नाही.
विटकरी म्हणावा तर विटकरी कोरडा असतो.
डाळिंबीत गुलाबी डोकावतो.
काथ जवळचा,
पण चुना लागल्यावरचा, विडा अर्धा चघळून झाल्यावरचा.
विमल आतून ओरडली, चहा निवला.
निवू दे.

उडाला तेव्हा खांद्याला पांढरं चमकलं,
शिवणीतून अस्तर बाहेर यावं तेवढंच.

शेजारचा श्रेणिक गच्चीवरून म्हणाला,
काका, चीरक तो. आणि ती त्याची मादी.
कुठली ती?
ती काय, मोरीपाशी.
मोरीपाशी ती मातकट. तिला मी चिमणी समजून
रोज तांदूळ टाकत होतो, ती रोज मुंग्या टिपत होती.
तिनंही शेपटी उचलली.
खाली तोच रंग.
एकाच ताग्यातला, एकाच पाण्यातून काढलेला.
वरचं कापड कुठल्या कुठं, पण फॉल तोच.

आणि मला अक्काताई बिरनाळे आठवल्या.
शेवटच्या वर्षी तीनदा परत आल्या होत्या,
लेकीच्या शालूचा तुकडा मुठीत घेऊन.
हा तो नव्हे हो, म्हणायच्या.
मी म्हणायचो, बाई, ट्यूबलाइटखाली कसं कळणार,
बाहेर उजेडात बघा.
त्या बाहेर जायच्या, बघायच्या, पायरीवर उभ्या राहायच्या.
तिसऱ्यांदा मी आवाज चढवला.
लोकांदेखत.
त्यांनी पैसे ठेवले, ब्लाउजपीस पिशवीत घातला,
पिशवी नीट दुमडली.

त्यांच्यासारख्या आणखी किती, देव जाणे.
दुकान आता मोबाइलवाल्याला दिलंय.
बिरनाळ्यांचं घर हरिपूर रोडला, एवढंच माहीत.

दुपारी तो परत आला.
डॉक्टरांनी डोळ्याला ताण नको म्हटलंय,
तरी मी उजवा झाकला, नुसत्या डाव्यानं बघितलं,
तर भिंतीवर एक काळा पक्षी, शेपटीखालीही काळाच.
डावा झाकला, उजवा उघडला,
तर निळसर, आणि खाली तो काथ.
उजवा. डावा. उजवा.
तो मान वाकडी करून माझ्याकडे बघत राहिला,
गिऱ्हाईक बघतं तसा.

डाव्याचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात.
पण हरिपूरला त्याआधीच जावं म्हणतो.
एकच डोळा पुरे तिथं.