खात्री

ढेबेवाडीच्या वरच्या अंगाला, फाल्गुनात,
एकाही झाडावर पान नव्हतं.
आणि चाचांनी कागदावर काढून दिलेलं
सगळं पानच होतं:
हातभर लांब, टोकाकडं रुंद,
खालून राखट.

बयाजी म्हणाला, पान काय बघतोस, साल बघ.
बघितली.
पंधरा झाडांच्या पंधरा करड्या साली.

मग एका बुंध्यापाशी तो थांबला,
वाऱ्याची बाजू सोडून.
सालीच्या चिरेत वाळलेला काळा ओघळ,
परटानं कापडावर घातलेल्या खुणेसारखा,
कापड विरलं तरी राहते ती.
खाली पाचोळ्यात एक फळ,
वरचा गर सुकून नारिंगी,
बुडाला काळं बी.
"हात लावू नको."
तोवर मी लावला होता.

नाव विचारलं, तर म्हणाला,
ह्याच्या बुडाशी उभं राहून घेत नाहीत,
खाली उतरल्यावर सांगतो.
खाली उतरलो तर एसटी लागलेली.
राहिलंच.

तिसऱ्या दिवशी मिरजेत, दुकानात,
सतारीला तारा चढवताना
मनगट तापलं.
फोड आले, ओळीनं, पडद्यांसारखे.
चाचांनी चष्मा कपाळावर सरकवला.
पिशवीतलं फळ त्यांनी बघितलंही नाही,
माझा हात उजेडाला धरला,
भोपळा पारखतात तसा
उलटा-सुलटा केला.
"बिब्बाच आहे."

आत हाक मारून खोबरं मागवलं
आणि काळ्या रोगणाचं रिकामं भांडं
पुसायला घेतलं.