शेरा

तीस वर्षं मी ब्युरेट धुतल्या.
आधी साबणाने, मग नळाखाली, मग डिस्टिल्डने,
स्टँडला उलट्या टांगल्या, खाली फडकं अंथरलं.
थेंब सोडायचे पोरांनी,
रंग पाहायचे सरांनी.
माझ्यापर्यंत यायचं ते एवढंच:
दिघे, सिंक तुंबलंय.

आता भायलीच्या या नव्या सोसायटीत
ऐंशी हजार लिटर पाणी माझ्या जबाबदारीवर आहे.

प्लास्टर ताजं.
नवा तलाव नव्या जोड्यासारखा, आधी चावणारच.
रोज सकाळी लांब दांड्याच्या ब्रशने भिंती घासतो,
पांढरी भुकटी पाण्यात धुरासारखी सुटते.
बाटलीत पाच थेंब टाकले की रंग येतो वांग्याचा,
म्हणजे आठच्याही वर.
मग अ‍ॅसिड.
बादलीत आधी पाणी, मागून अ‍ॅसिड, उलटं कधीच नाही.
लॅबच्या भिंतीवर या वाक्याचा तक्ता होता,
त्याच्यावरची धूळ मीच पुसायचो.
संध्याकाळी रंग विटकरी, मनासारखा.
सकाळी पुन्हा वांगं.

पारुलबेन सेक्रेटरी एक दिवसाआड येतात,
‘दिघेभाई, मीठुं क्यारे नाखशो?’
ब्रोशरवर छापून झालंय ना, खाऱ्या पाण्याचा तलाव,
डोळे चुरचुरत नाहीत, केस राठ होत नाहीत.
मी म्हणतो, महिना जाऊ द्या, प्लास्टर पिकू द्या,
आत्ता टाकलं तर मीठ भिंतच खाईल.
त्या पाण्याकडे बघतात, मग माझ्याकडे,
जणू मीच अजून पिकलेलो नाही.

बी विंगमधली पोरं जाळीला नाक लावून विचारतात,
पुरात विश्वामित्रीतली मगर इथे आली तर?
खारं पाणी तिला चालत नाही, असं मी ठोकून देतो.
म्हणून तर मीठ टाकायचं, असं ती एकमेकांना सांगतात.

मंगळबजारात दहा गोण्या सांगितल्या,
पंचवीस किलोची एक, आयोडीन नसलेलं.
वाणी म्हणाला, काका, लोणचं घालताय?
म्हटलं, हो, अख्ख्या तलावाचं.

एकतिसाव्या दिवशी रमतुभाई आले, जंबुसरकडचे.
वडिलांचा आगर होता, आता कुंपण आहे कुठल्याशा कंपनीचं.
गोण फोडायच्या आधी त्यांनी मूठभर मीठ तळहातावर पसरलं,
खडा चिमटीत धरला, उजेडात फिरवला,
‘आमचं नाही,’ म्हणाले, आणि ओतायला लागले.
तळाशी पांढरी टेकडी झाली.
दुपारभर आम्ही दोघं तिला ढकलत राहिलो,
ते एका काठाने, मी दुसऱ्या,
कोणी फारसं बोललं नाही.

रात्री ट्यूबलाइटसमोर बाटली धरली.
मिठाचा आकडा एकतीसशे,
आमटीपेक्षा कमी, डोळ्यातल्या पाण्यापेक्षा तर कितीतरी.
मग क्षारतेचे थेंब, एकेक, बाटली हलवत.
हिरवं. हिरवं. हिरवं.
दहाव्याला लाल.
आला रंग, मी मोठ्याने म्हणालो.
वळून पाहिलं तर
पंपरूममध्ये पंपच होता.

निघताना रमतुभाई पायरीवर वाकले,
बोट बुडवून जिभेला लावलं.
‘मीठुं छे.’
त्यांच्या भाषेत मीठही मीठुं आणि गोडही मीठुं.
कोणतं, ते मी विचारलं नाही.

उद्या मशीन मिठातून क्लोरीन काढायला लागेल,
त्याबरोबर रंग पुन्हा वांग्याकडे सरकेल,
मी पुन्हा बादलीत आधी पाणी घेईन.
हे संपणारं काम नव्हे, हे पारुलबेनना अजून सांगायचंय.

वहीत सहा रकाने आहेत.
पाच आकड्यांचे, सहावा शेऱ्याचा.
तीस दिवस तिथे एकच शब्द: घासले.
आज पेन जरा वेळ वरच धरलं,
मग लिहिलं:
रमतुभाईंनी चाखले.