ड्रायर

रात्री साडेअकराला ड्रायर फिरत होता,
आत एकच मोजा.
बिश्केकची आल्तिनाय त्याच्यापुढे बसली होती,
त्या घरघरीत
हुंदका ऐकू जात नाही म्हणून.

समुपदेशनाच्या दारावर पाटी आहे: कधीही या.
खाली वेळ: नऊ ते चार.

गुद्लाउगबाईंनी दारातून पाहिलं,
काही बोलल्या नाहीत.
दुसऱ्या दिवशी तिथं एक खुर्ची आली,
मग, का कोण जाणे, दुसरी.

बुधवारी लुंगेलो आला
उशीचा अभ्रा घेऊन. धुतलेलाच.
"घरचा वास होता याला," म्हणाला,
"मी चुकून धुतला."
तिनं पायानंच खुर्ची पुढे सरकवली.

बाहेर फ्योर्डवर
दुपारी तीनलाच उतरलेला अंधार
अजून तसाच.
आत दोघं पाळीपाळीनं
रिकाम्या ड्रायरमध्ये नाणी टाकत बसले.