अन

बिऱ्हाडे सरांनी प्रोजेक्टर आणला मोटारसायकलवर,
पोटाशी बांधून, तान्ह्यासारखा.
शहाद्याच्या वसतिगृहात बावीस नंबरच्या खोलीतली चादर,
तिच्यावर डाग सगळ्यांत कमी,
दोन खिळ्यांना ताणली.
मुली मागे बसल्या. त्यांना परवानगी आठपर्यंत.

सिनेमा परदेशी, काळापांढरा.
खाली अक्षरं पळायची, सर धापा टाकत वाचायचे
आणि सेवंती पावरा त्याची पावरी करायची,
सर अडले की मनाचं घालून.
अर्धा सिनेमा तिचाच असावा.

एक पोरगा. आईच्या डावाने बादलीत रंग ढवळायचा,
रात्री भिंतींवर चित्रं काढायचा.
त्याची मैत्रीण, केस कापलेली, पुलावरून पळणारी.
घोड्यांवरचे पोलीस.
मी सतरा वर्षांचा. मला घोड्यांपेक्षा
त्या डावाची काळजी:
उद्या त्याच डावाने आमटी कशी वाढणार?

शेवटी ती दोघं एका खोलीत लपली.
दारावर थाप.
त्याचा हात कडीकडे गेला
आणि लाइट गेली.

अंधारात आठपर्यंत वाद.
दिलवर वळवी म्हणाला, पोलीसच.
मी म्हणालो, वारा असेल.
सेवंती म्हणाली, कुणी का असेना,
आधी विचारेल, जेवलात का?
कुणी हसलं नाही.
त्या दिवशी मेसच्या वरणातून पातेल्याचा तळ दिसत होता.

तीच चादर. गेटला लावून उरलेला लाल रंग.
ब्रश माझ्याकडे, कारण माझं अक्षर बरं.
पहाटेपर्यंत लिहिलं:
आम्हाला पाहिजे पोटभर अन
एक न मी खाल्ला. भूक असेल.

चालत नंदुरबार. एक काठी दिलवरकडे, एक माझ्याकडे.
प्रकाशाच्या पुलावर तापीचा वारा चादरीत शिरला,
आम्ही दोघं जवळजवळ उडालो.
कोरीटपाशी चपला हातात.
पुढे मिरच्यांच्या पथारी, मैलभर लाल,
आणि घोषणा अर्ध्या ओरडून, अर्ध्या खोकून.

साहेब गेटवर आले. चादर वाचली.
चष्मा पुसून पुन्हा वाचली.
"पोटभर अन? अन काय?"
शिपाईसुद्धा हसले.
माझे कान मिरचीसारखे.

सेवंती पुढे झाली.
"अन पंखा.
अन मुलींच्या संडासाला कडी.
अन तीन महिन्यांचा भत्ता.
अन रात्री अभ्यासाला दिवा.
अन हसणं झालं असेल तर लिहून घ्या."
कुणीतरी पेन शोधू लागलं.

कडी मिळाली. भत्ता अर्धा.
धक्काबुक्कीत दिलवरच्या भुवईला तीन टाके.

आता माझं फ्लेक्सचं दुकान आहे बसस्टँडमागे.
दिलवरभाऊंच्या वाढदिवसाला मीच छापतो,
हात जोडलेले, चेहरा गोरा करून.
ते टाके संगणकावर पुसायला
मला चार सेकंद लागतात.
शुद्धलेखन मात्र दोनदा तपासतो.

परवा तो सिनेमा मोबाइलवर सापडला.
गिऱ्हाईक नव्हतं. पाहिला.
दार उघडलं. घरमालक होता.
भाडं मागत होता.

सेवंतीला फोन लावला, धडगावला,
अकरा वर्षांनी.
म्हटलं, अगं, घरमालक होता.
पलीकडे कुकरची शिट्टी, एक पोर रडतंय,
बराच वेळ काहीच नाही.
मग म्हणाली,
"अन?"