थैली

शनिवारी तेर्स संपते, मणी खिशात जातात,
आणि सामानाच्या खोलीत आमची सभा बसते.
एका बाजूला नाताळचा गोठा, तीन पायांचा उंट,
दुसऱ्या बाजूला लग्नांना भाड्याने द्यायच्या खुर्च्या,
मध्ये आम्ही सहाजण आणि वही.

वही माझ्याकडे. पोस्टात होते,
अक्षर बरं आहे म्हणून.
लिहिते: प्रार्थना झाली. मागचं इतिवृत्त वाचलं, मंजूर.
लिहिते: नातालीनची पडवी, कौलं दोनशे दहा,
त्यातली चाळीस जुनी, पण मंगळुरी, टणक.
शिडी घंटेची, विचारून आणायची.
इनास वर चढेल, तो लाइनमन, त्याला उंचीचं काही नाही.
फिलसूने खाली शिडी धरायची
आणि बोलायचं नाही.

लिहिते: बोस्त्यांव, डायलिसिस, ओरोस,
मंगळवार आणि शुक्रवार.
कायतान नेतो, स्वतःच्या मारुतीतून.
एकतीस वर्षं एसटी चालवली, वेंगुर्ला डेपो,
अजून सपाटीवरसुद्धा
घाट लागल्यासारखा गियर बदलतो.
पेट्रोल खर्चात धरू का, विचारलं, तर म्हणाला,
"आणि वर हिशोब कोण देतलो, तू काय मी?"

काही गोष्टी लिहीत नाही.
भेटीला दोघांनी जायचं, एकट्याने नाही, असा नियम.
मी आणि आपलोन पात्रीसच्या घरी गेलो.
मी पिशवीतून प्रार्थनेचं पुस्तक काढलं.
आपलोनने चुलीकडे पाहिलं. राख थंड होती.
तिने टोपली उतरवली, विकून उरलेले चार बांगडे काढले,
"पोटाक आधी पेज होयी गो," म्हणाली,
आणि त्यांचीच विळी ओढून बसली.
पुस्तक परत पिशवीत.
रविवारी मिस्सेत गुडघे टेकले तेव्हा
चपलेच्या पट्ट्यात एक खवला दिसला,
वाळून चिकटलेला.

सभा संपताना थैली फिरते.
काळी, मखमलीची, तोंडाला नाडी.
मूठ आत घालायची, मूठच बाहेर काढायची.
कुणी पाचशे टाकले, कुणी काहीच नाही,
कळता कामा नये.
कायतान दर वेळी म्हणतो, झाकली मूठ सव्वा लाखाची,
आणि दर वेळी आम्ही थोडं हसतो.
आधी मीच एक शंभराची नोट आत ठेवते,
पहिल्याच्या हाताला थैली रिकामी लागू नये म्हणून.

गेल्या महिन्यात एकदा उलटी केली
तर आत एकोणचाळीस रुपये. सगळी नाणी.
शंभराची नोट नव्हती.

पंखा चालू होता.
मी मोजलं. पुन्हा मोजलं.
कुणाच्या तोंडाकडे पाहायचं नाही
हे मानेला बजावावं लागलं.
मग हात दिसले.
फिलसूचे, जाळ्याच्या दोऱ्याने चिरलेले,
आपलोनचे, बर्फाने पांढरे पडलेले,
इनासची दोन बोटं, शॉकनंतर कधी सरळ न झालेली,
लुर्दीनचे, ती बोलतच नाही, नुसती खुर्च्या पुसते.
हातांकडेही पाहायला नको होतं.

नवे फादर दारातून डोकावले.
बेळगावकडचे, तरुण, त्यांना दर महिन्याचा तक्ता लागतो.
"किती जमले?"
"एकोणचाळीस."
"एवढेच?"
कायतानने खुर्ची सरकवली.
"रापणीक काय गावणा नाय, फादर," म्हणाला,
जणू आम्ही सगळेच दर्यावर जातो.

वहीत लिहिलं: थैली, एकोणचाळीस.
खाली रेघ. शेऱ्याची जागा कोरी.

पुढच्या शनिवारी निघताना
दुकानात शंभराची नोट मोडून घेतली.
पन्नासाची एक, वीसच्या दोन, दहाची एक.
कुणाला सगळे नको असतील.
कुणाला औषधापुरतेच हवे असतील.

थैली फिरली.
कायतान विनोद विसरला, किंवा विसरला नाही.
लुर्दीनकडे जरा रेंगाळली, असं मला वाटलं,
पण नाडी नेहमीच अडकते.
किती निघाले ते वहीत आहे.

नातालीनच्या पडवीला चौदा कौलं कमी पडली.
तो विषय पुढच्या सभेत.