कराऐवजी

नोव्हेंबरातला दुसरा मंगळवार. सभागृहाचा हीटर
खोकतो, थांबतो, पुन्हा खोकतो.
मी इतिवृत्त लिहिते. एकोणीस वर्षं झाली.
विषय क्रमांक सहा : ओक टेरेस, नऊ मजले,
एकशे चार घरं, बासष्टच्या पुढची माणसं,
मालमत्ता कराऐवजी भाड्याचे चार टक्के.
मुदत चाळीस वर्षं.

चाळीस वर्षांचा करार
ऐंशी वर्षांच्या माणसांसाठी.
मागे कुणीतरी हसलं. ते मी लिहिलं नाही.

कंपनीचा माणूस शिकागोहून आलेला,
बुटांवर रस्त्यातल्या मिठाचे पांढरे डाग.
नव्या खिडक्या, नवे पाइप, दोन लिफ्ट,
आकडे भिंतीवर उजळून विझत गेले.
पूर्ण कर लावलात तर बँक कर्ज देणार नाही, म्हणाला,
मग मालक विकेल, आणि पुढचा मालक भाडं लावेल
बाजारभावानं.
हा शेवटचा शब्द त्यानं टेबलावर हळूच ठेवला,
गरम पातेलं ठेवावं तसा.

गेरिट बोर्स्मा उठला, अग्निशमन दलाचा कप्तान.
"गेल्या वर्षी त्या इमारतीत दोनशे अकरा वेळा गेलो.
लिफ्ट बंद. स्ट्रेचर जिन्यानं.
माझी मावशी तिथेच राहते, माझं भांडण कुणाशी नाही.
पण अ‍ॅम्ब्युलन्स चार टक्के डिझेलवर चालत नाही.
बिल कुणाच्या नावानं फाडू, तेवढं सांगा."
कुणी सांगितलं नाही.
मी लिहिलं : कप्तानांनी खर्चाबाबत शंका उपस्थित केली.

ओडेसा प्रुइट बोललीच नाही.
बँकेचं फुकटातलं कॅलेंडर तिनं पुढे सरकवलं.
रोज सकाळचं न्हाणीघरातलं तापमान, पेन्सिलीनं :
बावन्न, पन्नास, एकोणपन्नास,
रविवारी काहीच नाही, रविवारी ती चर्चमध्ये असते.

मग विल्हेल्मिना डायकस्ट्रा, घर क्रमांक सातशे तीन.
वॉकरच्या पायांना टेनिसचे झिजलेले चेंडू.
प्रत्येकाला तीन मिनिटं. एक उभं राहण्यातच गेलं.
"खुर्च्यांच्या कारखान्यात होते. बेचाळीस वर्षं कर भरला,
एक हप्ता चुकवला नाही.
कारखान्यालाही तुम्ही माफी दिली होती. बारा वर्षं.
तेराव्या वर्षी तो उठून गेला.
मी कुठे जाणार?
गेलेच तर टेकडीमागे, यानच्या शेजारी.
जागेचे पैसे भरून झालेत. पावती आहे."
लाल दिवा लागला. तिला तो दिसत नाही.

ऐवजी.
किती ठरावांत टंकला मी हा शब्द,
आणि आज पहिल्यांदा त्याच्या पोटातला ऐवज दिसला :
फडक्यात बांधलेला, कमरेशी धरलेला,
कुणी विचारलं तरच सोडून दाखवायचा.
एक कॅलेंडर. एक पावती.

चार विरुद्ध तीन.
शेवटच्या क्षणी एक ओळ वाढली,
रुग्णवाहिकेपोटी दर घरामागे वर्षाला शंभर डॉलर.
बोर्स्मानं मान हलवली. ती होकाराची होती
की फक्त थकव्याची, इतिवृत्ताला कळत नाही.

रात्री साडेदहा. ओक टेरेसच्या तळमजल्यावर
लिफ्टच्या दारावर तोच पुठ्ठा, कोपरे मऊ झालेला.
करार झाला तरी लिफ्ट वसंतात येणार.
बोर्स्मानं कोट काढला. पहारेकऱ्याची खुर्ची ओढली,
पहारेकऱ्यालाही ओढलं. दोघांनी तिला उचललं.
मी मागून वॉकर घेऊन.
चौथ्या मजल्यावर थांबलो. कुणाचा तरी टीव्ही मोठ्यानं,
कुणाकडे तरी कांदा जळत होता.
हे कुठल्या कलमात बसवायचं,
माझ्या मनात आलं, आणि मी ते तिथेच सोडलं.

"हळू रे," विल्हेल्मिना वरून म्हणाली,
"खुर्ची आमच्याच कारखान्यातली आहे.
मागचा डावा पाय कच्चा निघायचा."